नववीच्या नाटकाच्या तासाला संहिता नाही, पोरांनीच उभ्या उभ्या गोष्ट रचायची. कुणी केलंय का असं?

शनिवारची_शाळा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, आज बसलोच. मी शिरपूर तालुक्यात एका गावच्या हायस्कूलात मराठी शिकवतो. यंदा नववीचा कलेचा तास माझ्याकडे आला, शनिवारची सकाळची शाळा, शेवटचे दोन तास जोडून. वर्गात 54 पोरं. गॅदरिंगचं नाटक आजवर मी पण सगळ्यांसारखंच बसवायचो, कुठून तरी संहिता आणायची, सात-आठ चुणचुणीत पोरं निवडायची आणि बाकीच्यांनी पडदा ओढायचा नि खुर्च्या उचलायच्या. यंदा ठरवलं की संहिताच नको, गोष्ट पोरांनी जागेवर रचायची आणि सगळ्यांनी मिळून रचायची.

पहिला शनिवार पूर्ण वाया गेला. मी म्हटलं "काय सुचेल ते करा", तर 54 पोरं नुसती माझ्याकडे बघत बसली, शेवटी दोघं उठले आणि पिच्चरमधली मारामारी करून खाली बसले. तेव्हा लक्षात आलं की "काहीही करा" हे वाक्य पोरांना सगळ्यात जास्त घाबरवतं.

दुसऱ्या शनिवारी घरून एक कळशी नेली. बाकं भिंतीला लावली, कळशी मधोमध ठेवली आणि सांगितलं की ही कळशी जिथे असेल ती जागा तयार करा, बोलायचं नाही, एकेकाने येऊन उभं राहायचं. एक मुलगी येऊन रांगेत उभी राहिल्यासारखी उभी राहिली, तिच्यामागे दुसरी, बघता बघता पंधरा-सोळा जणांची पाण्याची रांग झाली. मग शेवटच्या बाकावरची एक पोरगी उठली. ही जूनपासून हजेरीला "हजर" म्हणण्यापलीकडे माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. ती रांगेत गेलीच नाही, रांगेच्या तोंडाशी जाऊन एक हात पुढे करून ताठ उभी राहिली. कुणाला काही कळेना. रांगेतली पहिली मुलगी दोन क्षण थांबली आणि तिने तो हात धरून खालीवर करायला सुरुवात केली. पोरगी हातपंप झाली होती! आणि तिने घशातून आवाज काढला तो, कोरडा पंप मारताना येतो ना, खर्रर्र खट, खर्रर्र खट, आपल्याकडे एप्रिल-मे मधे ज्याने पंप मारलाय त्याला लगेच ओळखू येईल. पहिली दमली, दुसरीने हात धरला, तिसरीने धरला, पाणी येईना. आणि मग न बोलण्याचा नियम मोडून ती हळूच म्हणाली, "मना पोटमा पानी नही शे."

वर्ग एवढा शांत मी कधी पाहिला नव्हता. मी पण काही बोललो नाही. तिथून पुढे पोरांनी पाऊण तास गोष्ट ओढली, बोरची गाडी आली, बोर कुणाच्या शेतात घ्यायची यावरून भांडण झालं, आणि हे सगळं अहिराणीत, मी कुणालाही "शुद्ध बोला" म्हटलं नाही.

त्यानंतर चार शनिवार झाले. काही दिवस जमतं काही दिवस पार फसतं. नेटवर एक खेळ वाचला, गोलात बसून प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा आणि गोष्ट पुढे न्यायची, तो आमच्याकडे अजिबात चालला नाही, का ते कळत नाहीये. शिवाय आवाज फार होतो. कुणी असे तास घेतले असतील तर सांगा, मला खरंच पाहिजे आहे.

तापीकाठ
सर, हातपंपाचं वाचून अंगावर काटा आला.

एकेका शब्दाचा खेळ का चालत नाही ते मी सांगते, मी पण त्यात दोन महिने घालवलेत. तो खेळ इंग्रजीतून आलाय आणि इंग्रजीत क्रियापद लवकर येऊन जातं. आपल्याकडे ते येतं शेवटी. मग गोलात काय होतं, "एक... म्हातारी... सकाळी... शेतात... विळा... घेऊन... हळू... हळू..." असं चालूच राहतं, वाक्य बंद करायची जबाबदारी कुणी घेतच नाही, कारण क्रियापद टाकणारा गोष्टीचा निकाल लावतो आणि ते धाडस नववीच्या पोराला एकदम होत नाही. दुसरं म्हणजे लिंग. एकाने "मोठी" म्हटलं की पुढच्याच्या डोक्यात बैल असला तरी त्याला म्हैसच आणावी लागते, तो अडखळतो, पोरं हसतात, संपलं.

मी मग शब्द सोडून दिला आणि आपल्या आज्या गोष्ट सांगतात तसं करायला लावलं. आजी कशी सांगते? "म्हातारी शेतात गेली. गेली, तर जाऊन बघते काय, बांधावर साप. साप बघितला नि मागे फिरली. मागे फिरते तर..." म्हणजे मागच्या वाक्याचं क्रियापद उचलायचं आणि त्यालाच धरून पुढे जायचं. तोच नियम केला. तुझ्या आधीचा जिथे थांबला तेच क्रियापद तू आधी म्हणायचं, मग तुझं वाक्य. यात दोन गोष्टी होतात. एक तर विचार करायला दोन सेकंद मिळतात. आणि दुसरी मोठी, पोराला आधीच्याचं ऐकावंच लागतं. नाहीतर प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत आपलंच वाक्य डोक्यात घोळवत बसलेला असतो, शेजारचा काय बोलला याचा पत्ता नसतो, आणि गोष्टीचे तुकडे पडतात. मला तर आता वाटतं की हा तास बोलायला शिकवण्याचा नाहीच, ऐकायला शिकवण्याचा आहे.

करून बघा सर. गोल 54 चा नको, नऊ-नऊचे सहा करा.

ढोलकी_धुळे
वा वा सर! माझे आजोबा तमाशात होते, मी लहानपणी फडाच्या ट्रंकांवर झोपलेला माणूस, म्हणून दोन शब्द.

आपण याला नवीन म्हणतो पण तमाशातली बतावणी काय होती? सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर, विषय ठरलेला, कुठून सुरू करायचं नि कुठे आणून सोडायचं ते ठरलेलं, मधलं सगळं त्या रात्री त्या गावात. गावात यात्रेला पाऊस पडला असेल तर पाऊस बतावणीत यायचा, कापसाला भाव नसेल तर तो यायचा. वगाचं, म्हणजे तमाशातल्या नाटकाचं पण जुन्या काळी तसंच, कथानक तोंडपाठ, संवाद ज्याचे त्याने उभे करायचे. म्हणून सर तुमची "काहीही करा" ही पहिल्या शनिवारची गोष्ट फसणारच होती. सोंगाड्याला पण कुणी काहीही कर असं सांगत नव्हतं. दोन टोकं बांधून द्या, मधे दोरी पोरं विणतील.

आणि एक आजोबांची गोष्ट सांगतो. ते म्हणायचे समोरच्याने दिलेलं पाडायचं नाही. समोरचा म्हणाला "तुझ्या डोक्यावर काय हे एवढं मोठं?" तर "काही नाही" असं म्हणायचं नाही. काहीतरी आहेच. पागोटं आहे, कर्जाचा बोजा आहे, सासऱ्याने दिलेला हंडा आहे. "काही नाही" म्हटलं की दोघंही उघडे पडतात.

तापीकाठ
ढोलकीभाऊ, अगदी! बाहेर याला "हो, आणि" असं म्हणतात. आमची पोरं "हो, पण" म्हणतात. एक म्हणतो "ही माझी म्हैस", दुसरा म्हणतो "हा बाक आहे", आणि वर्ग हसतो, आणि ज्याने म्हैस म्हटलं तो परत महिनाभर उठत नाही. मी हे फळ्यावर लिहूनच ठेवलंय, दिलेलं पाडायचं नाही. (शब्द आता तुमच्या आजोबांचे घेते.)

केळीबाग_रावेर
मी शिक्षक नाही, पालक आहे. माझा मुलगा नववीत आहे म्हणून स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पुढच्या वर्षी दहावी. आमच्याकडे कलेचा तास गणिताला देतात आणि खरं सांगतो आम्हा पालकांना त्याचं वाईट वाटत नाही. दुसरं, घरी पोरं लेवा बोलीच बोलतात, शाळेत तरी प्रमाण मराठी कानावर पडावी असं वाटतं. मुलाखतीला गेला की पहिल्या वाक्याला लोक ओळखतात आणि हसतात, हे मी स्वतः पुण्यात सोसलंय. तुम्ही वर्गात पण बोलीच चालू ठेवली तर पोरं शिकणार कधी?

शनिवारची_शाळा
केळीबागदादा, राग अजिबात नाही. तुम्ही पुण्यात सोसलं ते मी पण सोसलंय, डी.एड. ला असताना वर्ग हसायचा.

पण बघा. ती मुलगी जूनपासून गप्प होती ती मुकी म्हणून नाही. तिला माझ्याशी प्रमाण मराठीत बोलावं लागेल म्हणून गप्प होती, तोंड उघडलं तर हसतील म्हणून. ज्या दिवशी तिला तिच्या बोलीत पहिलं वाक्य बोलता आलं त्यानंतरच्या आठवड्यात तिने मराठीच्या तासाला हात वर केला आणि उत्तर प्रमाण मराठीत दिलं, थोडं अडखळत, पण दिलं. बोली आधी आली म्हणून प्रमाण भाषा मागे पडली असं मला एकाही पोरात दिसलं नाही. आता आम्ही एक करतो, गोष्ट अहिराणीत उभी करायची आणि नंतर त्याच पोरांनी ती वहीत प्रमाण मराठीत लिहायची. निबंधापेक्षा चांगलं लिहितात, कारण लिहायला काहीतरी असतं.

आणि दादा, तुमच्या बाजूच्या बहिणाबाईंचंच बघा. असोद्याच्या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात काम करता करता जे सुचलं ते तिथल्या तिथे बोलीत म्हटलं, ते घरच्यांनी टिपून घेतलं म्हणून राहिलं. 1952 साली पुस्तक आलं तेव्हा त्या हयात पण नव्हत्या. त्यांना कुणी आधी शुद्ध बोला म्हटलं असतं तर आपल्याकडे काय उरलं असतं?

जुनी_वही
सरांच्या मुद्द्याला जोडून. हे जागेवर रचण्याचे खेळ ज्या बाईंनी रचून ठेवले त्या व्हायोला स्पोलिन, शिकागोच्या. 1939 च्या सुमारास त्या तिथे स्थलांतरित कुटुंबांतल्या पोरांसोबत नाटकाचं काम करत होत्या. घराघरात वेगळी भाषा, मग सूचना देऊन नाटक बसवणं जमेना, म्हणून त्यांनी सूचनांऐवजी खेळ दिले. पुढे 1963 साली त्यांनी ते सगळे खेळ पुस्तकात मांडले. म्हणजे हा प्रकार सुरूच झाला तो वर्गात भाषेची अडचण होती म्हणून. असंच जागेवर रचलेलं नाटक शिकवणारे कीथ जॉन्स्टन पण आधी लंडनच्या बॅटरसी भागात शाळामास्तर होते, 1950 च्या दशकात. त्यांचं सांगणं मला फार कामी आलं, भारी काहीतरी सुचवायला जाऊ नका, समोर जे दिसतंय तेच बोला. आमची पोरं भारी सुचवायला जातात आणि तिथेच सिरियल घुसते.

केळीबाग_रावेर
सर, पटलं असं पूर्ण म्हणत नाही पण वहीत लिहून घेण्याचं आवडलं. मुलाला विचारलं, तो म्हणाला आमच्याकडे असं असतं तर मी कळशी झालो असतो. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

भुसावळची_लेक
एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहिते, कारण मी ती चूक केलीय आणि तुम्ही करू नये.

मागच्या वर्षी आठवीला "घर" असा विषय दिला. एक मुलगा उठला आणि त्याने दारू पिऊन आलेला बाप केला. इतका हुबेहूब की पोरं लोळून हसायला लागली. मी पण पहिली काही सेकंदं हसले, हे लिहिताना आज पण जीव तुटतो. मग त्याच्या शेजारच्या मुलाचा चेहरा पाहिला. गाव लहान, सगळ्यांना माहीत होतं तो कुणाचा बाप करतोय. तो मुलगा नंतर आठ दिवस शाळेत आला नाही, मी घरी गेले, त्याची आई दारात उभी राहून माझ्याशी बोलली, आत या म्हणाली नाही.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. आपल्या गावातलं खरं माणूस नाही, गोष्ट नेहमी दुसऱ्या गावची, गावाचं नाव पोरांनीच बनवायचं. "घर", "बाबा", "दुःख" असे विषय नाहीत, वस्तू द्यायची, कळशी, कुलूप, एसटीचं तिकीट. पोरांना जे सांगायचं असतं ते वस्तूतून येतंच, पण आडून येतं आणि त्यांना आड राहता येतं. आणि पात्र करताना गळ्यात एक गमछा घ्यायचा, झालं की काढून खुंटीला अडकवायचा आणि आपलं खरं नाव मोठ्याने सांगून जागेवर बसायचं. सुरुवातीला मला हे उगाच वाटलं होतं. पण जी पोरं भांडण करतात, रडतात, त्यांना त्या गमछ्याचा फार आधार होतो. मधेच कुणाला नको वाटलं तर गमछा काढला की सीन तिथेच थांबतो, का म्हणून कुणी विचारायचं नाही, मी पण नाही.

सर, हातपंपाच्या वेळी मुलींनीच हात धरला म्हणून बरं, पण पुढे मुलगा-मुलगी एकत्र सीनला येतील तेव्हा अंगाला हात न लावता करायचं हे आधीच ठरवून टाका. आम्ही फूटपट्टी वापरतो, हात धरायचा तर दोघांनी फूटपट्टीची दोन टोकं धरायची. पालकांचा प्रश्न पण येत नाही आणि मुली मोकळ्या होतात. आणि भूमिका चिठ्ठीने. नाहीतर मुलींच्या वाट्याला आई नि सून, आणि सरपंच, कंडक्टर, डॉक्टर सगळे मुलगे.

ढोलकी_धुळे
ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं. फडात पण गावच्या माणसाचं नाव घ्यायच्या आधी विचारायची पद्धत होती.

जुनी_वही
ताईंच्या मुद्द्यावर एकच. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी एक रीत काढली होती, अन्यायाचा प्रसंग करायचा, मग तोच परत करायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणालाही "थांबा" म्हणून पात्राच्या जागी येऊन वेगळं वागून बघता येतं. दहावीच्या वर्गात मी एसटीतल्या छेडछाडीवर हे केलं. पाच मुली एकामागून एक उठल्या, पाचही जणींनी वेगवेगळं केलं, एकीने कंडक्टरला हाक मारली, एकीने शेजारच्या बाईचा हात धरला, एकीने मोठ्याने फक्त "काका, पाय" एवढंच म्हटलं. त्यावर वर्ग जे बोलला ते मी दहा भाषणं देऊन आलं नसतं. पण आधी दोन-तीन महिने खेळ झालेले असले पाहिजेत, एकमेकांवर विश्वास नसताना करू नये.

तापीकाठ
आवाजाचं राहिलं! शिट्टी नको, घंटा नको. "स्टॅच्यू" म्हणा. आपल्या पोरांना तो खेळ पाळण्यापासून येतो. स्टॅच्यू म्हटलं की 54 जण जागच्या जागी गार, आणि त्या गार चित्रात मी फिरते, एकाच्या खांद्याजवळ हात नेला की तो त्याच्या पात्राच्या मनातलं एक वाक्य बोलतो, बाकीचे तसेच उभे. सगळ्यात चांगली वाक्यं मला तिथे मिळालीत. एकदा लग्नाचा सीन होता, सगळे नाचतायत, स्टॅच्यू म्हटलं आणि कोपऱ्यात ताटं उचलणाऱ्या मुलाकडे गेले, तो म्हणाला, "कितला वाजनात?" किती वाजले, बस एवढंच. सगळ्या वर्गाला त्या लग्नातला तो एकच माणूस लक्षात राहिला.

शेजारच्या वर्गाचे सर तक्रार करतात का? आमच्याकडे फार झाली. मी त्यांना एका शनिवारी आत बोलावलं नि पंच बसवलं, कोण दिलेलं पाडतंय ते बघायला.

पाटील_वस्ती
मला बालनाट्य स्पर्धेचं विचारायचं आहे. आम्ही राज्य बालनाट्य स्पर्धेला उतरतो, तिथे संहिता आधी द्यावी लागते. असं जागेवर रचलेलं स्पर्धेला कसं न्यायचं?

भुसावळची_लेक
पाटीलदादा, जागेवर रचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग ऐकत ऐकत उतरवून काढा, पोरांकडूनच. एकच प्रसंग चार वेळा उभा केला की चौथ्या वेळी नको ते आपोआप गळून जातं. आमची संहिता अशी तीन महिन्यात तयार झाली. फक्त एक सांभाळा, लिहून झालं की पोरं पाठ करायला लागतात आणि जीव जातो त्यातला. तालमीत अधूनमधून एखाद्या दिवशी संहिता बाजूला ठेवून तोच सीन परत आपल्या शब्दांत करायला लावा.

शनिवारची_शाळा
मंडळी, आज शनिवार, शाळेतून येऊन जेवलो पण नाही, आधी लिहितो.

तापीकाठताईंचं क्रियापद उचलायचं केलं, नऊ-नऊचे सहा गोल. एका गोलात गोष्ट सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेली, एका पोराने घोडा विकला, "विकला, विकला तर घरी जाऊन बघतो, घोडा दारात उभा." आता पुढच्याची पाळी होती तो वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा, एरवी सगळ्यांचं मोडणारा. मला वाटलं हा आता काहीतरी घाण करणार. तो थांबला, म्हणाला, "दारात उभा. उभा, नि पैसे पण खिशात. आते रातभर झोप नही." गोल एकदम गप झाला, पुढच्या मुलीला तर बोलताच येईना. मग ती म्हणाली, "झोप नही, झोप नही म्हणीसन बायकोनी इचारं, काय जायं?" आणि गोष्ट त्या पैशावर फिरली, परत करायचे की नाही. घंटा झाली तरी उठेनात.

मी मधे एकदाही बोललो नाही, जीभ दाताखाली धरून उभा होतो.

भुसावळच्या ताई, गमछा आणला. खुंटी नव्हती, खिडकीच्या गजाला अडकवला. फूटपट्टी पण घेतली.

घंटा झाल्यावर पोरं दप्तरं भरत होती, तेव्हा ती हातपंपवाली टेबलापाशी आली. विचारलं, पुढच्या शनिवारी परत पाण्याची गोष्ट करायची का. म्हटलं करू की, तू परत पंप होणार का. मान हलवली, नाही म्हणाली. "मी बोरवाला व्हसू सर. पैसा किती लागतस ते मी सांगसू." आणि गमछा गजावरून काढून घडी करून माझ्या टेबलावर ठेवून गेली.